शुक्रवारची हजेरी

अप्पा,

तुमची एक गोष्ट मी गेली अकरा वर्षं कॉलेजात सांगते आहे, आणि दर वर्षी ती अर्धीच सांगते. अमेरिकन साहित्याचा पेपर माझ्याकडे आहे. पहिल्याच तासाला मी पोरांना सांगते की मला हा विषय कुणा प्रोफेसरने शिकवला नाही, मस्कतजवळ बौशरला एका बांधकाम कंपनीत मजुरांची हजेरी लिहिणाऱ्या टाइमकीपरने शिकवला, आणि तो माणूस माझा बाप. पोरं मोबाइल खाली ठेवतात. मग मी हळूहळू सह्यांच्या कागदापर्यंत येते, आवाज जरा खाली घेते आणि सोळा वर्षांच्या मुलीने बापाला तोंडावर कसं सुनावलं ते सांगते. एका वर्षी तर टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या, अप्पा. वर थोडी हसलेसुद्धा.

ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. तुमच्या साइटवरचा अमेरिकन सल्लागार नोकरी संपवून परत निघाला तेव्हा त्याच्या बायकोने खोकाभर पुस्तकं तुमच्या हाती दिली, त्यातलं हे सगळ्यात जाड. त्यांच्याकडच्या अकरावीचं पाठ्यपुस्तक. गोष्टी, कविता, पत्रं, भाषणं, कायद्याचे कागद, सगळं एकात एक. आई म्हणाली होती, पाटावरवंट्यासारखं आहे, ठेवायचं कुठे? लाँड्रीच्या वरच्या आपल्या दोन खोल्यांत जागा नव्हतीच, म्हणून ते फ्रिजवर राहिलं. दर शुक्रवारी सकाळी तुम्ही अल मवालेहच्या बाजारातून टोमॅटोची पेटी खांद्यावर घेऊन यायचा, चहा घ्यायचा आणि पुस्तक खाली काढायचा. मी चटईवर बसायचे. जुम्म्याची बांग झाली की पुस्तक बंद, मग जेवण. शाळेत मी मैत्रिणींशी इंग्लिशच बोलायचे, माझं मराठी मोडकंतोडकं, तरी तुम्ही इंग्लिश वाचून अर्थ मात्र मराठीतच सांगायचा. मला कंटाळा यायचा असं मी वर्गात सांगते, ते खोटं आहे. मला आवडायचं.

तुमची पद्धत तुमच्या धंद्यातली होती. कंपनीचे जुने हजेरीपट घरी आणायचा, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखायचा. आधी वाचायचा त्यांच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सगळी माणसं सारखी, हे त्यात लिहिलेलं. तुम्ही बोट ठेवून म्हणायचा, "चल, घे हजेरी. ह्या सगळ्यांत कोण कोण आलं?" मग पुढची पानं उलटायची. गुलामीतून पळालेल्या एकाने स्वतःची हकीकत लिहिलेली होती, ती वाचून झाली की मी त्याच्यापुढे गैरहजर लिहायचे. बायका गैरहजर. ज्यांची मुळात जमीन होती ते गैरहजर. सह्या करणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी म्हटलं, मग काय, सगळी थापेबाजीच! तुम्ही मान हलवलीत. युद्धात मेलेल्यांच्या दफनभूमीवर त्यांच्या अध्यक्षाने केलेलं चिमुकलं भाषण काढलंत, चहा निवायच्या आत संपणारं. म्हणालात, हा बघ, शंभर वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि ह्याने तोच जुना कागद पुढे धरला. खोटं का होईना, लिहून ठेवलं होतं म्हणून धरता आला. कथा-कादंबऱ्यावाले काय करतात, तर तो कागद घेऊन देशाच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, हे तुमचंच अक्षर ना? अप्पा, पुढे मी या विषयावर केवढे ग्रंथ वाचले. याच्या पलीकडे त्यांत फारसं काही नव्हतं.

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेबद्दल तुम्हाला कोण अभिमान. माझ्या शाळेच्या पुस्तकात ती पहिल्याच पानावर छापलेली असायची. म्हणायचा, आपल्याकडे पहिल्याच दिवशी सगळ्यांची हजेरी लागली, एकालाही दाराबाहेर ठेवलं नाही. आई आतून बोलली, कागदावर. गावातल्या विहिरीवर येऊन बघा म्हणावं. तुम्ही म्हणालात, कागदावर लागली हे काय थोडं झालं? तुमचा कागदावर फार विश्वास.

शुक्रवारी जेवायला सुतारकाका यायचे. तुमच्याच कंपनीत शटरिंगचे सुतार, आपल्या शेजारच्या वाडीतले. कॅम्पवरच्या डाळीला कंटाळलेले, आईने केलेलं बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घ्यायचे. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता येत नव्हतं. त्यांच्या आईची पत्रं तुम्ही वाचून दाखवायचा, उत्तरंही तुम्हीच लिहायचा, आणि ते म्हणायचे, भाऊ, तू वाचतंस तेवा आवस बोलताहा असां वाटतां. मी पत्रातला मजकूर ऐकू नये म्हणून आई मला स्वयंपाकघरात बोलवायची. मी तरी ऐकायचे. त्या बाईला दर पत्रात एकच विचारायचं असायचं, कधी येतलंस?

मी अकरावीत गेले तो उन्हाळा. सगळ्या कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे, तेव्हा सगळीकडे तसंच चालायचं. मग सरकारी तपासणी होणार अशी कुणकुण लागली आणि मॅनेजरने एक कागद काढला. मी माझा पासपोर्ट राजीखुशीने, काम पुरं होईपर्यंत, कंपनीकडे ठेवायला दिला आहे. वर अरबी, खाली इंग्लिश. सह्या गोळा करायचं काम टाइमकीपरचं, कारण तुम्ही सांगितलं की माणसं सही करतात, हे मॅनेजरला ठाऊक होतं. गुरुवारी तुम्ही तो गठ्ठा घरी आणलात आणि जेवला नाहीत. शनिवारी कंपनीच्या गाडीने रुस्ताकच्या साइटवर गेलात आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन आलात. सुतारकाकांनी विचारलं होतं म्हणे, कसलो कागद. तुम्ही म्हणालात, आपलोच आसा, कर सही. वर्गात मी गुरुवारवरून थेट शनिवारवर जाते. मधला शुक्रवार गाळते.

दोन महिन्यांनी सुतारकाकांच्या आईने अंथरूण धरलं. ते पासपोर्ट मागायला गेले तर मॅनेजरने त्यांच्यासमोर त्यांचीच सही ठेवली. काम कुठे पुरं झालंय? इन्शाल्ला, झालं की बघू. त्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही दोनदा मॅनेजरकडे गेलात, दोनदा परत आलात. म्हातारी गेली. मुलगा जिवंत असून मातीला पुतण्या उभा राहिला. त्यानंतरच्या शुक्रवारी सुतारकाका आले ते जेवायला नाही. दारातच चपला घालून उभे राहिले आणि म्हणाले, त्या कागदाची एक प्रत तुझ्याकडे असेल, ती वाच. आपल्या भाषेत वाच. तुम्ही कपाटातून कागद काढलात. मी तुम्हाला इतकी वर्षं वाचताना ऐकलं होतं, अप्पा, पण तुमचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. चार ओळीच होत्या. राजीखुशीने हा शब्द आला तिथे तुम्ही थांबलात आणि त्यांनी हाताने खूण केली, पुढे. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ह्यां माका तेवाच वाचून दाखवूक व्हयां होतां." एवढंच. आरडाओरडा नाही, शिवी नाही. आईने पान वाढलं होतं ते तसंच राहिलं.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही सवयीने फ्रिजवरचं पुस्तक काढलंत. कदाचित घरात काहीतरी नेहमीसारखं व्हावं म्हणून. मी चटईवर बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, अप्पा, आज त्यांच्या कागदाची नको, तुमच्या कागदाची हजेरी घेऊ या. माझं मराठी मोडकं, पण आईच्या तोंडची म्हण मला त्या वेळी बरोब्बर सापडली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." आई मला मारायला धावली. तुम्ही तिला अडवलंत, पुस्तक जागेवर ठेवलंत आणि खाली लाँड्रीवाल्याकडे जाऊन बसलात. त्यानंतर तुम्ही मला काहीही वाचून दाखवलं नाहीत. बारावीला मला इंग्लिशमध्ये शाळेत सगळ्यात जास्त मार्क पडले तेव्हा तुम्ही पेढे आणलेत, पण निकालाचा कागद हातात घेतला नाहीत.

माझी गोष्ट वर्गात इथे संपते. मी म्हणते, आदर्श लिहिणं सोपं, आपल्या टेबलावरच्या कागदापुढे ते धरणं कठीण. पोरं ते वहीत उतरवून घेतात. एकाने परीक्षेत तेच वाक्य मलाच लिहून दिलं.

तुम्ही नोकरी सोडून गावी आलात आणि तीन वर्षांत गेलात. सुतारकाका तुमच्या मातीला आले नाहीत. आई अजून म्हणते, ह्यांनी त्या गरिबाचा गळा कापला, म्हणून आपल्या घराला शेजार राहिला नाही. तुमच्या फोटोला हार घालताना म्हणते. मी तिला उदबत्ती काढून देते. गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा धीर करून त्यांच्या घरी गेले. खूप थकलेत. डोळ्यांना दिसत नाही, नात हाताला धरून बसवते. मला आवाजावरून ओळखलं. म्हणाले, बाय, तुझो बापूस वायट नाय होतो, पण त्याणां असां कित्या केल्यान, ता माका अजून समाजला नाय. मग वाट बघत राहिले. माझ्याकडे तोंड करून.

खरं तर हे पत्र मी त्यांना लिहायला हवं. पण त्यांना लिहिलं तर त्यांची नात वाचून दाखवणार, आणि वाचता वाचता थांबणार. तुम्हाला लिहिलं की कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला.

त्या शुक्रवारी तुम्ही पुस्तक उघडलं नव्हतं. कागदांचा गठ्ठा चटईवर ठेवला होता. आदल्या दिवशी मॅनेजरने तुम्हाला सांगितलं होतं, सह्या आल्या की फॅमिली व्हिसा वाढवायचं पत्र मिळेल. सह्या नाही, पत्र नाही, बायको-मुलीला गावी धाडा. रात्री तुम्ही फोनवर कुणाला तरी हे सांगत होतात, ते मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. गावच्या कॉलेजात मराठीतून अकरावी, या विचारानेच मला रात्रभर रडू येत होतं. आई बाजारात गेली होती. तुम्ही पहिला कागद माझ्यापुढे सरकवलात आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलंत, "वाच. आणि सांग, काय करू?"

मी वाचला. अरबी नाही, इंग्लिश. मला एकूण एक शब्द कळला. आणि मी म्हटलं, "घेऊन टाका ना सह्या, अप्पा. त्यांना कुठे वाचता येतं?"

तुम्ही माझ्यापुढचा कागद उचलून गठ्ठ्यात ठेवलात. मग गठ्ठा पिशवीत भरलात. पुढे मी तुम्हाला कोरडा पाषाण म्हटलं तेव्हा हे वाक्य तुम्ही मला परत करू शकला असतात, आईसमोर. केलं नाहीत. तेव्हाही नाही, शेवटच्या आजारातही नाही.

गेल्या महिन्यात सुतारकाकांसमोर ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी चहा संपवला आणि गाडी चुकेल म्हणून उठले. गाडीला अजून दोन तास होते.