सॉल्ट वेल्सची खानावळ

नीडल्स, १० मार्च १९९६

चि. रोसेंदो यास ओफेलियाताईचे अनेक आशीर्वाद. तू आणि डेल्फिना खुशाल आहात असं धरून चालते, कारण आपणहून कळवायची तुझी पद्धत नाही.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. त्र्याऐंशीव्या वर्षी तिला आता समोरच्या बाईची लिपस्टिकसुद्धा दिसते आणि त्यावर मतही देता येतं. तेव्हा मी ठरवलंय, ऊन तापायच्या आत तिला जुन्या रस्त्याने सॉल्ट वेल्सला नेऊन आणायचं. खानावळीला कुलूप लावून आलो त्यानंतर ती एकदाही तिकडे फिरकली नाही. नाव काढलं की गप्प होते. आतल्या आत झुरते बिचारी. बाबा गेले, पाठोपाठ नवा महामार्ग डोंगरापलीकडून गेला आणि आठवड्याभरात आपला रस्ता ओस पडला. तरी आम्ही दोघींनी ती खानावळ चार वर्षं रेटली. एवढा तिचा जीव होता त्या जागेवर.

तूही ये. गाडी तू चालव. डेल्फिनाला सांग, मिरची मी बेताने घालीन.

तुझी ताई


फ्रेस्नो, १९ मार्च १९९६

ती. ताईस, सा. न. वि. वि. पत्र पोचलं, टोमणेही पोचले.

मला जमणार नाही, ट्रकच्या फेऱ्या लागल्यात. पण ताई, तूही जाऊ नकोस. मागच्या वर्षी मी वाट वाकडी करून तिकडे गेलो होतो. तुम्हाला मुद्दामच बोललो नाही. छप्पर बसलंय. पाटी कुणीतरी काढून नेली. आत रानउंदरांचं राज्य. मी गाडीतून उतरलोसुद्धा नाही.

मला आठवते ती भरलेली खानावळ. वाळवंट तुडवून आलेली घामेजलेली माणसं, मी त्यांच्या गाड्यांच्या काचा पुसतोय, आणि आत आई राजम्याच्या पातेल्याशी गाणं गुणगुणतेय. तिच्याही डोळ्यांपुढे तेच असेल. राहू दे ना तसंच. ती पडकी भिंत बघून खचली तर तिला कोण सावरणार?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा रोसेंदो


नीडल्स, २ एप्रिल १९९६

चि. रोसेंदो यास आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं. पण तू म्हणालास त्या कारणासाठी नव्हे.

जाताना आई मजेत होती. रस्ता भेगाळलाय, मधूनमधून वाळू चढलीय. बाजूने मालगाडी गेली तर तिने ड्रायव्हरला हात केला आणि त्याने शिट्टी दिली. सॉल्ट वेल्सला मोटारसायकलवाले जर्मन प्रवासी फोटो काढत होते. ही खानावळ या बाईंची, असं मी सांगताच त्यांनी आईला भिंतीपुढे उभं केलं आणि विचारलं, तुमचं फार प्रेम असेल ना या जागेवर? मीच उत्तर दिलं, की हो, सगळा जन्म दिला तिने इथे.

तर आई फटकन म्हणाली, माझ्या तोंडाने तू बोलू नकोस. मला ही जागा कधीच आवडली नाही.

मला वाटलं, ऊन लागलं. तिला गाडीत बसवलं, पाणी दिलं. मग ती बोलत राहिली. पहाटेची चूल, टाकीतलं ते गंजाच्या वासाचं पाणी, अंगाला चिकटलेली तेलकट वाफ, सगळ्याचा तिला वीट आला होता. बाबा गेले त्याच दिवशी तिला कुलूप ठोकून सान बर्नार्डिनोला पेत्रामावशीकडे जायचं होतं. पण तू एकीकडे डोळे पुसत होतीस, ती म्हणाली, आणि एकीकडे म्हणत होतीस, आई, तुझी खानावळ मी मोडू देणार नाही. दाराला निळा रंग काय दिलास, त्या एलिसेओला लग्नाला नाही काय म्हणालीस! एवढं केल्यावर कुठल्या तोंडाने सांगू, की पोरी, मला नकोय हे?

रोसेंदो, एलिसेओला मी नाही म्हटलं ते आईसाठी. ती एकटी पडेल म्हणून. तो आल्बुकर्कला गेला, तिथेच लग्न केलं, गेल्या शरदात वारला. मला आधी हसू आलं. मग कितीतरी वेळ गाडी सुरूच केली नाही. आईला भूक लागली होती. टॉर्टिया ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या होत्या, त्या तिने एकटीनेच खाल्ल्या.

एवढ्यात लिहायला नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

ताई


नीडल्स, १४ जून १९९६

चि. रोसेंदो यास आईचा आशीर्वाद. अक्षर लागलं नाही तर डेल्फिनाकडून वाचून घे. हे पत्र मी शेजारणीच्या हाती टाकायला देतेय, ओफेलियाला माहीत नाही.

ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. रागवत नाही. माझी औषधं देते, केस विंचरते, उशी सारखी करते. फक्त बोलत नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, नाहीतर कधीच नाही. आता माझी छाती हलकी झाली आणि सगळं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर गेलं. अठ्ठावन्नची झाली तरी माझी पोरच ना ती.

तिला तुझ्याकडे बोलावून घे. मी येणार नाही. मी बरोबर असले की ती माझ्याच मागेपुढे करत बसेल. पेत्राची मुलगी माझ्याकडे येऊन राहायला तयार आहे. ती आळशी आहे, पण माझं भागेल.

एक मात्र सांभाळ. तुला तिची गरज आहे, डेल्फिनाला बरं नाही, घर बघायला कुणी नाही, असलं काहीही लिहू नकोस. लिहिलंस तर ती धावत येईल आणि उरलेला जन्म तुझ्या घरात काढील. नुसतं लिही, की पीच पिकलेत, खायला ये.

डेल्फिनाला माझी आठवण सांग. या म्हातारीवर जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझी आई
एर्मिनिया