कागद न दाखवणारं दुकान

प्रिय आई,
तुला आणि तुझ्या डार्करूममधल्या लाल दिव्याला नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक वेळा.

तुझ्यासाठी फोटो छापायचा कागद शोधताना मात्र नाकी नऊ आले. पहिल्या दुकानदाराने "ताजा माल आहे, बघा तर!" म्हणत भर उजेडात पाकीट टराटरा फाडलं. उजेड लागून सगळा कागद वाया! वर मलाच म्हणतो, "घ्या की, कोरा करकरीत आहे." मी हात जोडले आणि बाहेर पडले.

काल मागच्या गल्लीत एक म्हातारी दुकानदारीण सापडली. मी पाकिटाच्या सीलला नुसतं नख लावलं, तर तिने फाटकन माझ्या हातावर मारलं. अगदी तुझ्यासारखं! इतकं बरं वाटलं की मी तिथेच हसत सुटले.

मग तिची सरबत्ती सुरू झाली. पाणी जड आहे का? डार्करूममध्ये वास बाहेर फेकणारा पंखा आहे का? पंख्याचं मी "हो" ठोकून दिलं, तेव्हा आई, तू आधी तो बसवून घे. रसायनांच्या वासाने तुला धाप लागते, हे मी विसरलेले नाही. हल्ली कशी आहे गं धाप? खरं सांग.

शेवटी तिने विचारलं, "फोटोग्राफर कोण?" आजवर आपण सगळे बाबांचंच नाव सांगत आलो. पण बाबा बटण दाबायचे, चेहरे तर अंधारात तूच उमटवायचीस. मी म्हटलं, "आई."

कागद पाठवतेय. पाकिटावर तिने ठळक लिहिलंय, 'फोटोग्राफरबाईंसाठी'. बाबांना दाखवू नकोस.

नाहीतर दाखवच.

तुझ्या हाताचा मार आठवणारी,
धाकटी