चौथ्या पट्ट्याचं गवत

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार,

तुमचा गुडघा कसा आहे ते मागून विचारते. आधी गाईची तब्येत कळवा. (कुंपणापलीकडे राहत असूनही पत्र लिहिते, कारण समोर बोललं की तुम्ही मध्येच हसता.)

आमच्या प्रयोगशाळेमागे मी वर्षभर गवताचे चार पट्टे वाढवत होते. पहिल्याला युरिया अजिबात नाही, दुसऱ्याला थोडा, तिसऱ्याला बराच आणि चौथ्याला साहेबांच्या मनासारखा. चौथा इतका हिरवागार, की बघणाऱ्याने चष्मा काढून पुसावा. प्रथिनंही त्यातच सर्वांत जास्त निघाली. साहेब खूश! 'जितकं खत, तितकं पोषण' असं शेतकऱ्यांना वाटायचं पत्रक तयार. मी म्हटलं, इतक्या खताने गवतात नायट्रेट साठतं, फार झालं तर जनावर दगावतं, तेवढं तपासू द्या. तर म्हणाले, "बाई, आपल्या तक्त्यात तो रकाना नाही." (रकाना नाही म्हणजे विष नाही! तसं असतं तर मी माझ्या वजनाचा रकाना कधीच खोडला असता.)

आणि मंगळवारी तुमची गाय आत शिरली. चारी पट्टे हुंगले, चौथ्याकडे नावडत्या जावेकडे बघावं तसं बघितलं आणि दुसरा पट्टा मुळापर्यंत साफ केला. माझं वर्षभराचं काम तिच्या पोटात चाललं होतं. मी रडायला हवं होतं, पण वही काढून लिहून घेतलं. अहवालात गाय बघून साहेब कडाडले, "गाय समितीवर नाही!" मी म्हटलं, "पण साहेब, खाणारी तीच आहे."

एका गाईने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण शंका येते, आणि शंका आली की तपासायचं. आता हुकूम आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत पत्रकावर सही कर, नाहीतर भांडारात बाटल्या धू. मामा, मी बाटल्या धुईन. चकचकीत धुईन. सही करणार नाही. आई म्हणते, वीस वर्षं मान खाली घालून काढलीस, आताच काय झालं? अहो, मान गवत बघायला खाली होती. लोकांना वाटलं, बाई गरीब आहे.

तुमची भाची

ता. क. : बाहेरच्या पशुपालकाने अर्ज केला, तर आम्हाला दोन दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, आणि अशा अर्जांच्या तक्त्यात नायट्रेटचा रकाना आहे. सोबत अर्ज जोडला आहे : 'माझ्या गाईने हे गवत नाकारलं, का ते तपासून द्या.' शब्दन् शब्द खरा आहे. पिशवीत चौथ्या पट्ट्याचं किलोभर गवत आहे. सही करून सोमवारी स्वतः आणून द्या. तपासणाऱ्या बाई ओळखीच्या आहेत.

ता. क. २ : फाटकाची कडी लावायला मीच विसरले होते. ते लेखी कबूल केलंय. साहेबांना माझी सही हवी होती ना, ती त्या कबुलीखाली आहे.