ऐंशी किलोच्या वर

४ नोव्हेंबर

सबीहा अठ्ठ्याहत्तरवर आलीय! टायफॉइडने पार वाळवली तिला. बॉक्सिंगमधला आमचा गट ऐंशी किलोच्या वरचा. वीस तारखेला वजन भरलं नाही, तर ती बाद आणि मी न खेळताच राष्ट्रीय स्पर्धेला. आमचे कोच सुभाष सर खूश — "घर बैठे टिकट मिल रहा है, क्षितिजा!"

मला नाही आनंद. आमच्या दोन फायनल झाल्या — एक तिची, एक माझी. तिसरीत सोक्षमोक्ष लागायचा होता. अख्ख्या भोपाळात या वजनात माझ्यासमोर टिकणारी ती एकटी. आणि ही बया आजारी पडून सुटणार? जमायचं नाही!

६ नोव्हेंबर

आईने माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू घेऊन अशोका गार्डनला, सबीहाच्या घरी. गाल बसलेत तिचे. डबा बघून म्हणाली, "ज़हर मिलाया है क्या?" मी तिच्यासमोर एक खाल्ला. मग तिने चार हाणले.

९ नोव्हेंबर

आईला कळलं. "जिच्या हातचा मार खायचा, तिलाच तूप चारतेस?" बाबा हसत सुटले, तर त्यांनाही बोलणी बसली.

१० नोव्हेंबर

आज आईच बिट्टन मार्केटमधून केळी घेऊन आली. "दे तिला. आणि आजारातून उठलीय, लाडू एका वेळी दोनच म्हणावं!" आई म्हणजे ना!

१५ नोव्हेंबर

७९.४. सबीहा वैतागलीय — "बकरा बना रही है मेरे को, ईद से पहले!"

१९ नोव्हेंबर

सरांच्या कानावर गेलं. "पागल है तू?" एवढंच बोलले. सातवीपासून राष्ट्रीय स्पर्धेचं स्वप्न बघतेय. हातात आलेलं मीच घालवत तर नाही ना? मग वाटलं, न लढता गेले असते, तर तिथे कुठल्या तोंडाने उभी राहिले असते?

२० नोव्हेंबर

८०.२!! दोघी एवढ्या ओरडलो की वजन घेणाऱ्या बाई दचकल्या.

२१ नोव्हेंबर

हरले. पंचांचा कौल तीन-दोन. बाथरूममध्ये कडी लावून मनसोक्त रडले. बाहेरून सबीहा दार बडवत होती — "निकल बाहर! नेशनल की तैयारी किससे करूँगी मैं, दीवार से?"

सोमवारपासून रोज सकाळी तिच्यासमोर रिंगमध्ये. जिंकून आली नाही, तर बघतेच तिला!