माझ्या नावाचं तेल

सोमवार, ८ फेब्रुवारी १८९७

माझं नाव छापलंय! कल्याणच्या साप्ताहिकात, गाठीनाशक तेलाच्या जाहिरातीखाली — 'या तेलाने आमच्या घरची प्लेगची गाठ विरली. गुरुदत्त मास्तर, ठाणे.' आमच्या घरी कोणाला गाठ आली? ती बाटली मी डोळ्यांनी पाहिलेली नाही!

आणि जाहिरातीच्या वर काय, तर इस्पितळात माणसं नेतात ती कापायला. आधी घाबरवायचं, मग तेल खपवायचं. लाज कोळून प्यालेत.

घरात बोललो नाही. लग्नानंतर सुमतीला वाचायला मीच शिकवलं, पण बाहेरच्या भानगडी बायकांना कशाला?

मंगळवार, ९

कल्याणास जाऊन संपादक हरिहरपंतांना गाठलं. हसले! "रागावता काय मास्तर? नाव झालं तुमचं." खुलासा छापा म्हटलं. "छापू की, जागा उरली तर."

तेल त्यांच्या मेव्हण्याचं. नुसतं खोबरेल आणि कापूर. छापखानाभर वास मारत होता.

गुरुवार, ११

टेंभी नाक्यावर नाथा कोळी भेटला. हातात तीच बाटली! "तुमचा नाव हाय म्हणून घेतली, मास्तर." अरे, खोटं आहे ते! "मंग छापला कसा?"

तिथेच उभा राहून ओरडून सांगितलं. लोक गालात हसले. त्यांना वाटलं, मास्तरांना पैसे कमी मिळाले. माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही, छापलेल्या थापेला आहे!

शनिवार, १३

खुलासा पाठवला. सोबत जोडायला तो अंक शोधला, मिळेना. सुमतीला विचारलं तर नुसती लाजली. दोन घास खाऊन उठते हल्ली. माझ्या डोक्याला इथे ताप, हिचं काय विचारू?

सोमवार, १५

नवा अंक. खुलासा नाही. जाहिरात आहे — माझं नाव आणखी मोठ्या अक्षरांत! वर बातमी, ठाण्यात गोरे सोजीर घरोघरी शिरून बायकांना इस्पितळात ओढून नेणार. कोणी सांगितलं यांना?

मंगळवार, १६

सुमती तापाने फणफणली आहे. जवळ बसलो तर कापराचा वास. काखेत गाठ. मोलकरणीकडून मागवलेली बाटली उशाखाली, आणि तो अंक देव्हाऱ्यात, माझ्या नावावर हळदकुंकू.

डॉक्टरला आणतो म्हटलं तर हात घट्ट धरला. "नको, तो इस्पितळात नेईल, कापतात हो तिथे! इकडचं नाव छापलंय ना, मग गुण येईलच."