चिंधी बांधलेला दोडका

प्रिय आत्याबाई,

हातातलं काम टाकून लिहायला बसले. तुमच्या दोडक्यावर आज सकाळी कोयता आला होता, हे दुसऱ्या कुणाला सांगू?

देवाघरी जाण्याआधी तुम्ही राखेत ठेवून गेलात त्या बियांतला एकच वेल यंदा उगवला. बाकी सगळं बी किडलं. पण हा एक काय धरलाय हो! काल सूपभर दोडके निघाले. शिरांची तीळ-लसूण घालून चटणी केली आणि चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, एकटीच हसत बसले.

पहिला लांबसडक दोडका मात्र बियाला राखलाय. देठाला तुमच्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधली. लग्न होऊन राहुरीला आले तेव्हा असाच एक तोडायला निघाले होते, आठवतं? पडवीतून ओरडलात, "अगं ए मडम! त्येच्या गळ्यात चिंधी दिसत न्हाई व्हय? बियाचा हाय त्यो!" कॉन्व्हेंटच्या वहीत मी बियांची सुरेख चित्रं काढली होती, चिंधीचं कुणी शिकवलंच नव्हतं. सासूला आत्याबाई म्हणतात, हेही नाही!

आज तुमच्या नातवानं, निखिलनं, गाडीसाठी अंगणात फरशी घालायला काढली. फरश्यांचा टेम्पो दारात उभा. "मम्मी, दोडके बाजारात ढिगानं मिळतात गं!" म्हणत तो कोयता घेऊन वेलाकडे निघाला. दोडका अजून हिरवा. आता मूळ तुटलं तर आतलं बी पोचट, आणि तुमचं वाण संपलं. मी अनवाणीच धावले. तुम्ही का नव्हतात हो तिथं ओरडायला?

त्यानं वेल मुठीत धरला. पानांतून चिंधी वर आली. तो थांबला.

"हा बियाचा आहे?"

"हो रे."

"असला एक तोडला म्हणून आजीनं मला उसाच्या टिपरानं झोडपलं होतं." त्यानं कोयता खाली ठेवला. टेम्पोवाल्याला म्हणाला, "मामा, एवढा कोपरा राहू द्या. दिवाळीपर्यंत."

दिवाळीपर्यंतच! पाऊस तर हटत नाही. सडला तर? वाळला की आत बी वाजतं, तुम्हीच सांगितलंत. मघाशी वेलावरच कानाशी धरून हलकेच हलवला. अजून मुका आहे.

पण वाजेल त्या दिवशी बी राखेत कालवून मडकं तुमच्या नातसुनेच्या हातात देईन. पुढची चिंधी तिनं बांधायची. फाडायला माझी साडी काढून ठेवलीय.

तुमची मडम,
सुमन