मंगळावरच्या तहसीलदाराची जलसमाधी

तीर्थस्वरूप उज्ज्वलाआत्या,

एखाद्या लेखकाला गावाने देव केलं, तर त्याचं पुस्तक वाचायला कोणाकडे मागायचं? देवाकडे, की ट्रस्टच्या अध्यक्षाकडे? मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून आप्पांनी माझा काळ्या झग्यातला फोटो बैठकीत लावला (वरून झेंडूचा हारही घातला, तो मी काढायला लावला), पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते.

तुम्हाला आणि मामांना वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला तेलाने काही उतार पडला का? मामा चहात साखर घेत नाहीत ना, की तुम्ही पाठ फिरवली की घेतात? तुमच्या सत्यमचे लातूरचे डॉक्टरकीचे क्लास कसे चालले आहेत? मी नांदेडला खोलीवर खुशाल आहे. फोनच केला असता, पण फोनवर मला मनासारखं रागावता येत नाही. रागाचा मुख्य भाग आला की तुमच्या मुरुडची रेंज जाते.

विषय पंचाक्षरी गुरुजींचा आहे. आपल्या गावच्या शिवारातली त्यांची समाधी आठवते ना, जिच्यावर तुम्ही पोरी सागरगोटे खेळायचात आणि उरलेल्या वेळात शेळ्या बसायच्या? रामलिंग पंचाक्षरी, प्राथमिक शाळेचे मास्तर. शिकले उर्दूत, आणि निजामाचं राज्य गेल्यावर मराठीत कादंबऱ्या लिहायला बसले. एकूण पाच, सगळ्या आकाशातल्या. (त्यांच्या एका गोष्टीत अग्निबाण सुटण्याआधी दारोग्याचा परवाना लागतो. कॉलेजच्या वाचनालयात एका फाटक्या मासिकात मला तेवढंच एक प्रकरण मिळालं, आणि ते वाचून मी बसल्या जागी हसून हसून खोकले.) वर्गात त्यांनी पोरांना सांगितलं की चंद्रावर कोणी देव राहत नाही, नुसती माती आहे. लगेच तक्रार, लगेच बदली. नव्या गावी जाऊन पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा बदली. मुखेड, भोकर, देगलूर असा अर्धा जन्म त्यांचा बैलगाडीत गेला, पण चंद्रावर त्यांनी देव बसू दिला नाही. अशा माणसाला आपल्या लोकांनी बाबा केलंय, आत्या! पंचाक्षरी बाबा!

झालं असं की त्यांची पाचवी कादंबरी, 'मंगळावरचा तहसीलदार', तिच्यात मंगळ कोरडा पडतो आणि आगगाडीने पाणी आणावं लागतं. आणि दोन हजार सोळा साली आपल्या लातूरला खरोखरच आगगाडीने पाणी आलं. कोणा म्हाताऱ्याला आठवलं की मास्तरने हे लिहिलं होतं. झालं! पुढच्या आठवड्यात समाधीवरच्या शेळ्या हाकलल्या, पुढच्या वर्षी पत्रे टाकले, मग भोंगा आला. आता दर सोमवारी लोक रांगेने येतात आणि लग्न कधी जमेल, बोअरला पाणी कुठे लागेल, हे विचारतात. बाकीच्या चार कादंबऱ्या मी जिथे जिथे शोधता येईल तिथे शोधल्या, कुठेही नाहीत. या पाचवीची एकच प्रत उरली होती, आणि ती समाधीवर, लाल फडक्यात, हळदीकुंकवाच्या ढिगाखाली.

मी ट्रस्टच्या अध्यक्षांकडे, म्हणजे शेषेरावकाकांकडे गेले. म्हटलं, काका, नुसते फोटो काढते पानांचे, अर्ध्या तासाचं काम.

"मोबाईल न्हाई चालत तिथं. किरणं आसतात त्याच्यात."

"मग इथेच बसून वाचते."

"आगं पोथी हाय ती. नमस्कार करायला आसती, वाचायला कशाला?"

"काका, त्यात भविष्य नाही. ती गोष्ट आहे. बनवलेली."

"तू वाचलीस का?"

"तुम्ही वाचू देत नाही म्हणून तर..."

"मंग! न वाचता कशाला बोलून राहिलीस?"

सांगा आत्या, मी पदवी घेतली ती हे ऐकून घेण्यासाठी?

आता यापुढचं ऐका. गुरुजींची जन्मशताब्दी आली. मी भाबडेपणाने अर्ज दिला की या निमित्ताने कादंबरी पुन्हा छापू. ट्रस्टने ठराव केला की रोजच्या अभिषेकाने पोथी जीर्ण झाली आहे, पानं गळतात, पायाखाली आली तर पाप लागेल, तेव्हा शताब्दीला ती वाजतगाजत नांदेडला नेऊन गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडावी. देवाचा तुटका फोटो आणि जुन्या पोथ्या सोडतात तशी! कोणी द्वेषाने जाळली असती तर मी पोलिसांत तरी गेले असते. हे आदराने बुडवणार होते, आणि आदराविरुद्ध तक्रार घेत नाहीत. (मी खरंच विचारून आले. हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही पन दर्शन घ्या.")

आणि अपमान पाहा. माझी समजूत काढायची म्हणून शेषेरावकाकांनी पोथी धरायचा मान मलाच दिला. "तुझी लई इच्छा व्हती ना हातात घ्यायची? घे आता, नांदेडपस्तोर मांडीवर घे. पन सोडायची न्हाई." टेम्पोत पुढे बेंजो, मागे बायका, मध्ये मी हिरव्या साडीत, मांडीवर लाल गाठोडं. कंधारला सगळे चहाला उतरले, मी मात्र उतरले नाही. घाटावर नीलम्माकाकूंनी गाठोड्यावर डोकं टेकून पोराचा मेडिकलला नंबर लागू दे म्हणून मागणं मागितलं. मग काकांनी ते दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं. गाठोडं बुडलं, लोकांनी जयजयकार केला, बेंजोवाल्याने लग्नातलं गाणं वाजवलं. मी रडत होते. बायका म्हणाल्या, पोरगी शिकलेली असून किती भक्ती आहे!

असा हा आपला गाव. सर्वांना नमस्कार. सोबत आईने केलेल्या शेवयांचा डबा आहे, तो तुम्ही स्वतःच्या हाताने रिकामा करावा.

आपली भाची,
देविका

ता. क. हे पान डब्याच्या तळाशी वेगळं ठेवलं आहे, कारण मामा पत्र ओसरीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. आत्या, शेवयांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत आहे ती कादंबरी. कंधारला चहा चालू असताना मी गाठोडं सोडलं आणि पुन्हा बांधलं. घाटावर रडले ती भीतीने. पुस्तक तुमच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवा. त्याला हळद लावू नका.

दुसरा ता. क. खरं काम पुढेच आहे. गंगेत जे गेलं ते सत्यमचं होतं. दिवाळीला तो माझ्याकडे विसरून गेलेलं ते प्रवेशपरीक्षेचं जाडजूड प्रश्नांचं पुस्तक, जाडी अगदी सारखी, म्हणून ते पिशवीत घेऊनच मी टेम्पोत बसले होते. त्याची परीक्षा जवळ आली आहे आणि तो रोज मेसेज करतोय. त्याला सांगा की उंदरांनी खाल्लं. (खोटं बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला सांगते.)

तिसरा ता. क. कादंबरी वाचली. सुंदर आहे, शेवटचं प्रकरण सोडून. महिनाभर मी गावाशी भांडले की हा माणूस नवस-सायास मानणारा नव्हता. शेवटच्या प्रकरणात पाण्याची गाडी मंगळाच्या घाटात बंद पडते, आणि आमचे तहसीलदारसाहेब काय करतात? डोळे मिटून ग्रामदेवतेला नारळ बोलतात! गाडी सुरू होते! मंगळावर नारळ कुठून आणणार, याचाही विचार नाही. इतका राग मला शेषेरावकाकांचाही आला नव्हता. पानांवर तेल-हळद इतकी आहे की फोटोत अक्षर उमटत नाही, म्हणून सगळी कादंबरी मी हाताने टाईप करायची ठरवली होती, आणि दोन दिवस मनात येत होतं की हे एक प्रकरण गळालं म्हणून सोडून द्यावं. पानं गळालीच आहेत, कोणाला कळणार? पण मग काकांनी बुडवायचं आणि मी गाळायचं, यात फरक काय राहिला? म्हणून मी पुस्तक शेवटाकडून टाईप करायला घेतलं. ते प्रकरण सगळ्यात आधी पूर्ण केलं. काल दुपारी अख्खी कादंबरी इंटरनेटवर चढवली, नारळासकट.